तुरकर डॉक्टरीनबाईंचं नाक

तुरकर डॉक्टरीनबाई माणसाला आधी हुंगायच्या आणि मग नमस्कार करायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी मान जराशी पुढे काढली, नाकपुड्या हलवल्या आणि म्हणाल्या, "मास्तरीन दिसता. खडूचा वास येते. आन् डोक्याले बदामाचं तेल लावता. बसा, पण त्या खिडकीपाशी बसा." मला असा राग आला म्हणता! शेजारचं घर भाड्यानं मिळतं का हे विचारायला आलेली मी, आणि ही बाई मला हवेच्या दिशेनं बसवते आहे. घर मात्र मी तेच घेतलं, कारण तिरोड्याहून बोदलकसाच्या वाटेवरच्या त्या गावात दुसरं पक्कं घर रिकामं नव्हतं. आमच्या दोघींच्या अंगणांच्या मध्ये कंबरेएवढी भिंत होती आणि ती भिंत पुढे आमची बैठकीची जागा झाली.

बाई जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होत्या. नाव कमल, पण त्या नावानं हाक मारणारं माणूस मी कधी पाहिलं नाही. माहेर बालाघाटकडचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, हे त्यांनी मला एकदाच, एका वाक्यात सांगितलं आणि लगेच विचारलं, "तुमच्याकडं दूध कोण देते? पाणी कमी घालाले सांगा त्याले." मीही त्यांना पुन्हा ते विचारलं नाही.

मी जीवशास्त्राची शिक्षिका. नाक हा अवयव मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढला, त्याचे भाग दाखवले, त्यावर गुण दिले. पण नाक पाळणारी बाई मी ही एकच पाहिली. डोक्याला तेल नाही, पावडर नाही, अगरबत्ती नाही. देवाला फूल वाहायचं तर जास्वंदीचं, कारण त्याला वास नाही. हळदीकुंकवाला कोणी अत्तराची कुपी पुढे केली की हात पदराखाली. गोठ्यावर जायचं असलं की त्या दिवशी कच्चा कांदा बंद. आणि तो तंबाखू-सुपारीचा खर्रा! आमच्याकडे माणूस एकवेळ जेवण सोडेल, खर्रा सोडणार नाही. पण गोठ्यात कोणी गालात खर्रा धरून उभा दिसला की बाई हातातली पिशवी खाली ठेवायच्या. "जा, थुकून ये. चूळ भर. मंग सांग गाईले काय झालं ते." सरपंचही थुकून यायचे. मागून बडबडायचे, पण थुकून यायचे.

"आधी नाक, मंग हात, मंग सुई," असं त्या म्हणायच्या. व्यालेली गाय चारा खात नसली की तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन श्वास घ्यायच्या. मोहफुलासारखा गोडसर वास आला की समजायचं, अंगातली साखर कमी पडली, गाय स्वतःची चरबी जाळून राहिली आहे. खूर उचलून हुंगायच्या, कान उलटा करून हुंगायच्या. मी एकदा म्हटलं, "अहो, किळस नाही का येत?" तर म्हणाल्या, "तुमाले पोट्ट्यांच्या वह्या तपासाची येते का?" मी म्हटलं, येते. यावर त्या एवढ्या हसल्या की त्यांच्या हातातला चहा सांडला. मात्र नाकावर विसंबून त्यांनी कधी औषध दिलं नाही. रक्त तपासायला पाठवायच्या, ताप मोजायच्या. नाक फक्त कुठं पाहायचं ते सांगते, पाहायचं आपणच, असं त्यांचं म्हणणं.

भिंतीच्या या बाजूला राहून माझी मात्र फजिती होती. माझ्या स्वयंपाकघरातलं काही लपायचं नाही. "मास्तरीनबाई, फोडणी करपली." "मास्तरीनबाई, आज झिंगे आणले वाटते, एकट्याच खाता का?" दूध ओतू जाण्याच्या आधी भिंतीपलीकडून हाक यायची. माझे मिस्टर म्हणायचे, आपल्या घराला पहारेकरी आहे.

दरवर्षी ज्ञानेंद्रियांचा धडा आला की मी बाईंना वर्गावर बोलवायची. त्या आदल्या दिवशी तिरोड्याच्या मटणवाल्याकडून बोकडाचे डोळे आणायच्या. तो दरवेळी विचारायचा, "मॅडम, सब लोग कलेजी माँगते, आप आँखच काहे को ले जाते?" बाई म्हणायच्या, "बच्चों को दिखाने के लिए, कैसे देखते हैं." वर्गात त्या डोळा चिरायच्या, आतलं भिंग काढून वर्तमानपत्रावर ठेवायच्या आणि खालचं अक्षर मोठं झालेलं दाखवायच्या. मग डोळ्याच्या मागच्या भिंतीवरचा निळाहिरवा, मोरपंखी चकाकणारा थर. "हा तुमच्या डोळ्यात नाही," त्या सांगायच्या. "तुमच्या डोळ्यात उजेड एकदा येते आन् संपते. जनावरायच्या डोळ्यात तो या थरावर आपटून परत फिरते, दुसऱ्यांदा कामी येते. म्हणून अंधारात जनावराले दिसते आन् तुमी ठेचकाळता." एरवी मागच्या बाकावर झोपणारी पोरं त्या दिवशी पुढे येऊन उभी राहायची.

मग जीभ. एकेकाला रुमालानं जीभ कोरडी करायला लावून वर साखरेचे दाणे ठेवायचे. गोड लागत नाही! लाळ सुटली की लागतं. "कोरड्याले काई समजत नाही," त्या म्हणायच्या, आणि तिथून नाकावर यायच्या. नाकाच्या अगदी वर, दोन डोळ्यांच्या मध्ये, एक ओलसर पट्टी असते. हवेतला कण त्या ओलीत विरघळला की तिथल्या बारीक टोकांना तो कळतो, आणि हाडाच्या चाळणीतून ती खबर सरळ मेंदूत जाते. "मेंदूचं एवढं एकच टोक देवानं उघड्यावर ठेवलं हाय, पोट्टेहो. सांभाळा." एका पोरानं विचारलं, "बाई, बाम लावला का नाकात जे होते तो वास का?" बाई खूश झाल्या. "अर्धा वास, अर्धं झोंबणं. झोंबणं दुसऱ्या नसेचं काम हाय. सर्दीनं नाक बंद असलं तरी बाम झोंबते. डोळ्यात पाणी आलं म्हणजे वास आला असं नोको समजू." हे मी पुस्तकातून इतक्या वेळा शिकवलं होतं, पण इतकं सोपं मला कधी सांगता आलं नाही.

त्यांचं एक रूप मला फार आवडायचं. आमच्या मागच्या आळीत गोंदियाहून नवी सून आली होती. शहरात वाढलेली पोर, हौशी. घरची गाय व्याली तेव्हा बाकी सगळे शेतावर. हिनं काय करावं? वासरू चिकट झालेलं बघून त्याला कोमट पाण्यानं, स्वतःच्या सुवासिक साबणानं स्वच्छ आंघोळ घातली, टॉवेलनं पुसलं आणि गाईपुढे ठेवलं. गाईनं हुंगलं आणि लाथ मारली. पुन्हा ठेवलं, पुन्हा लाथ. सासू आल्यावर जो गोंधळ झाला तो विचारू नका. "पांढऱ्या पायाची" इथपर्यंत गोष्ट गेली. बाई पोचल्या तेव्हा ती पोर न्हाणीत बसून रडत होती.

बाईंनी कोणाला काही विचारलं नाही. वासरू उचललं, हुंगलं, आणि त्यांना हसू फुटलं. "गुलाब!" मग त्यांनी गोठ्यातलं वार पडलेलं ओलं गवत गोळा केलं, त्यानं वासराचं अंग घासलं, गाईचाच चीक त्याच्या पाठीला चोळला, वर मीठ भुरभुरलं. गाईला बांधून वासरू तिच्या नाकापुढे धरलं. गाय बराच वेळ हुंगत राहिली. मग चाटायला लागली. न्हाणीतल्या पोरीला हाताला धरून बाईंनी बाहेर आणलं आणि सासूच्या देखत म्हणाल्या, "तू काई वाईट नाही केलं. फक्त त्याची वळख धुऊन टाकली. गाय डोळ्यानं नाही वळखत, नाकानं वळखते. आता तुले समजलं, तुह्या सासूलेबी समजलं." ती सून पुढे बाईंना माहेरच्या माणसासारखी मानायची.

आता तणसीचं सांगते, कारण सगळं तिथंच घडलं. धान चुरल्यावर जो पेंढा उरतो त्याला आमच्याकडे तणस म्हणतात. वर्षभर जनावरांचं पोट त्यावर. कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस आला की ढीग वरून वाळलेला दिसतो आणि आत ओल राहते. तिथं बुरशी धरते. ती तणस खाल्ली की थंडीत म्हशी आणि हेले, म्हणजे आमच्याकडे चिखलणीला जुंपतात ते रेडे, आजारी पडतात. बुरशीचं विष रक्ताच्या नळ्या आवळतं. कानाची टोकं, शेपटीचं टोक, खुरं, जिथं रक्त सगळ्यात शेवटी पोचतं तिथलं मांस वाळतं, काळं पडतं, झडतं. यावर धड औषध नाही. तणस बंद करायची आणि जखमा सांभाळायच्या.

बाई ढिगात खांद्यापर्यंत हात घालायच्या, आतली मूठ ओढून काढायच्या, डोळे मिटून हुंगायच्या. "घाला" किंवा "जाळून टाका". त्यांनी हे सुरू केलं ते शंका असलेल्या एखाद्या ढिगापुरतं. पण माणसांना सवय लागायला वेळ लागतो का? पुढे पुढे बाईंनी हुंगल्याशिवाय कोणी ढीग फोडेना. ज्याचा ढीग कडकडीत उन्हात वाळला होता तोही निरोप धाडायचा. तणस विकणारा माणूस सांगायचा, "बाईनं हुंगलेली हाय." मी म्हणायची, "डॉक्टरीनबाई, गावानं स्वतःची नाकं तुमच्याकडे गहाण ठेवली." त्या हसायच्या. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं. आणि का आवडू नये? आख्ख्या टापूत त्यांना मान होता तो त्या नाकाचा.

मग कोरोनाची ती दुसरी लाट आली. बाईंना ताप आला, चार लोकांना आला तसाच आला आणि गेला. त्या घरातच होत्या. मी भिंतीवर डबा ठेवायची, त्या रिकामा ठेवायच्या. एका दुपारी मी दूध चुलीवर ठेवून विसरले. आत आले तेव्हा घरभर धूर, पातेलं काळं ठिक्कर. मी ते अंगणात आणून आपटलं आणि मग माझ्या लक्षात आलं, की भिंतीपलीकडून हाक आली नाही. बाई तिथंच, अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या. हातात कापराची वडी.

"काई येऊन नाही राहिलं, मास्तरीनबाई," त्या म्हणाल्या. "कापूर नाही, शेण नाही, तुमचं दूध नाही. काईच नाही."

मी म्हटलं, येईल, सगळ्यांचं येतंय. तेव्हा त्यांनी मलाच धडा शिकवला. नाकातली ती टोकं मरतात आणि नवी फुटतात, शरीरातल्या फार थोड्या नसांना हे जमतं. पण फुटतीलच असं नाही, आणि फुटली तरी जुन्या जागी जोडली जातील असं नाही. हे सगळं त्या शांतपणे बोलल्या आणि मग हातातली कापराची वडी पुन्हा नाकाशी नेली. "बाकीचे डॉक्टर नाकाबिगर काम करतात ना. करतात. पण मी कशी करू? मले तर तसंच येते." मी भिंत ओलांडून त्यांना जवळ घ्यायला हवं होतं, पण ते दिवस असे होते की भिंत ओलांडायची सोय नव्हती. आम्ही दोघी दोन बाजूंना उभ्या राहून रडलो.

त्या कामावर परतल्या. कोणाला काही सांगितलं नाही. नुसतं "सर्दी हाय" म्हणायच्या आणि तपासण्या वाढवल्या. सकाळी उठून लवंग, लिंबू, कापूर, कडुलिंब एकेक नाकाशी धरून बसायच्या, मनात तो वास आठवायच्या. एक दिवस धानाच्या रोवणीच्या सुमारास त्या अंगणातून ओरडल्या, "मास्तरीनबाई! आलं! गोठ्यात गेली न् भसकन आलं नाकात! डोळ्यात पाणी आलं!" मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावले. आम्ही लहान पोरींसारख्या नाचलो. त्यांनी त्या दिवशी साऱ्या आळीला जिलबी वाटली आणि कशाबद्दल ते कोणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी कापणीत पाऊस आला. बाईंना निरोपावर निरोप. भाऊलाल म्हणून एक शेतकरी होता, आमच्या गावाजवळच्या टोलीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर, राहायचा. धानाची थोडी बांधी, म्हणजे बांध घातलेली शेतं, बायको फुलवंता, आणि हेल्यांची एक जोडी. त्याच्या अरुंद बांध्यांत ट्रॅक्टर उतरत नव्हता, सगळी चिखलणी त्या जोडीवर. रविवार होता म्हणून मीही बाईंच्या स्कुटीवर मागे बसून गेले होते. बाईंनी ढिगात हात घातला, मूठ काढली, डोळे मिटले. चेहऱ्यावर समाधान पसरलं. "चांगली हाय, भाऊलाल. घाल." फुलवंतानं चहा दिला, आम्ही तो पिऊन परत आलो.

थंडी पडली आणि भाऊलाल दवाखान्यात आला. एक हेला लंगडतोय, पाय सुजलेत, दुसराही खाईना. बाई निघाल्या तेव्हा मी नुकतीच शाळेतून परतले होते. त्यांचा चेहरा बघून काही न विचारता स्कुटीवर बसले.

हेल्याचे कान बघितले आणि बाई थांबल्या. कडा काळ्या पडून आत वळल्या होत्या. शेपटीचं टोक त्यांनी बोटात धरलं, ते थंड होतं. त्या उठल्या, ढिगापाशी गेल्या, आतली मूठ काढली आणि यावेळी उन्हात धरून पाहिली. काड्यांवर पांढुरके, काळपट डाग. त्यांनी ती मूठ माझ्यापुढे धरली. "हुंगा."

मी हुंगलं. ओल्या गोणपाटाचा, कोंदट, जुना वास. मी तसं सांगितलं.

बाईंनी स्वतः हुंगलं. पुन्हा हुंगलं. "मले चांगल्या तणसीचा वास येऊन राहिला," त्या हळूच म्हणाल्या. "आत्ताबी. या घडीलेबी." मग त्या ढिगाला टेकून खाली बसल्या. "नाकानं काई सांगतलंच नाही, मास्तरीनबाई. डोळ्यानं तणस पाहिली, हातानं तणस चाचपली, आन् मेंदूनं आठवणीतला वास काढून देला. गोठ्यात त्या दिवशी जे आलं ते नुसतं मुताचं झोंबणं होतं. तुमच्या पोट्ट्याले मीच सांगतलं होतं ना? आन् मीच जिलबी वाटली."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

थोड्या वेळानं त्यांनी फुलवंताला विचारलं, "तू हुंगली होती का गं ही?" फुलवंता गोंधळली. म्हणाली, "नाही बाई. तुमी हुंगली ना. मंग आमी कायले हुंगाव?" मला वाटतं, हेल्याचे कान पाहून त्यांना जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं.

तणस बंद झाली, आणि त्या हंगामात हुंगलेले बाकीचे ढीगही बाईंनी कारण न सांगता उन्हात पुन्हा पाहून घेतले. बाई रोज जायच्या, कोमट पाण्यानं पाय शेकायच्या, जखमा धुवायच्या, मलम लावायच्या. सुट्टी काढून तिथं राहिल्या. एक हेला वाचला, कान अर्धे राहिले. दुसऱ्याचं खूर निखळलं, तो बसला तो उठला नाही. मेला त्या सकाळी टोलीवरची सगळी माणसं ओढून न्यायला जमली होती. भाऊलाल हेल्याच्या डोक्याशी उकिडवा बसला होता. बाईंना पाहून तोच म्हणाला, "जाऊ द्या बाई. नशिबात नवता."

"नशीब नोको म्हणू!" बाई जोरात ओरडल्या. "माहं नाक गेलं हाय. कोरोनात गेलं. मंग मले वाटलं परत आलं, आलं नवतं. तुमाले तवाच सांगाले पायजे होतं, मी सांगतलं नाही. मले माहा मान प्यारा होता. तुह्या हेल्याले मी मारलं, भाऊलाल. आता सगळे आयका. आजपासून माह्या हुंगण्यावर कोणी तणस घालाची नाही."

मग एक म्हातारा म्हणाला, "मंग आता कोन हुंगन, बाई?"

"तुमी. नाक नाही का तुमाले?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कोणीतरी चुकून हसलं आणि लगेच थांबलं.

परत येताना मी चिडले होते. म्हटलं, भाऊलालला एकट्याला सांगितलं असतं तर चाललं नसतं? सगळ्या गावापुढे कशाला? त्यांनी स्कुटी रस्त्याच्या कडेला थांबवली. "भरोसा सगळ्यायनं सगळ्यायच्या समोर ठेवला होता. एकट्याच्या कानात कसा परत देऊ?"

लोक जसे असतात तसेच वागले. "बाईनं हेला मारला," हे बोदलकसापर्यंत गेलं. काही जण तिरोड्याच्या डॉक्टरकडे जायला लागले. बाई दवाखान्यात बसून राहायच्या, बाहेर दोनचार बकऱ्या. एकदा भिंतीशी उभ्या राहून म्हणाल्या, "जनावर आता भिंतीवरच्या फोटोवानी झालं. दिसते, पण तिथं नसते." त्यांच्या तोंडून एवढं दुःख मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही, आणि ते एकदाच ऐकलेलं मला पुरलं.

पण त्या बसून राहणाऱ्या नव्हत्या. पुढच्या कापणीला त्यांनी दोन पिशव्या भरल्या, एकीत चांगली तणस, एकीत बुरसटलेली, आणि टोल्या-टोल्यांवर फिरल्या. खर्रेवाल्या पुरुषांना बाजूला काढलं, "तुमची नाकं मेली हायत, माह्यासारखीच," आणि बायकांना अंगणात बसवलं. डोळे मिटायला लावून एकेकीच्या नाकाशी मूठ धरायची. "चांगली-वाईट नोको सांगू. कशावानी वास येते ते सांग." बायका लाजायच्या, पदर तोंडाला लावायच्या. मग एक म्हणायची, जुन्या मडक्यावानी. दुसरी म्हणायची, पावसात भिजलेल्या घोंगडीवानी. हळूहळू ढिगात हात जायला लागले. कोणी बाईंना बोलवेनासं झालं आणि बाईंना तेच हवं होतं. तरी एखाद्या संध्याकाळी निरोप येतो का म्हणून त्या फाटकाकडे बघताना मी त्यांना पाहिलं आहे.

निवृत्त होऊन त्या भावाकडे बालाघाटला गेल्या. फोनवर बोलायचो. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या, निजेतच. मला त्यांच्या भाच्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते, आणि मी पोरांसमोर रडले, त्याची मला लाज वाटत नाही. नाक त्यांचं शेवटपर्यंत परत आलं नव्हतं.

मला त्या शेवटच्या नीट आठवतात त्या गाव सोडण्याच्या आदल्या दुपारी. टोल्यांवरच्या लोकांचा निरोप घेत फिरत होत्या, मी बरोबर होते. भाऊलालच्या अंगणात नवा ढीग रचला होता. भाऊलाल दारात आला, नमस्कार केला, पण बोलला नाही. त्यानं सगळं माफ केलं होतं असं मी म्हणणार नाही. फुलवंता मात्र उठली, कोणी न सांगता ढिगापाशी गेली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि मूठ काढून हुंगली. घाई केली नाही.

"चांगली हाय, बाई," ती म्हणाली.

"चांगली म्हणजे कशी?"

"चांगली म्हणजे... चांगली."

"तसं नोको. मले सांग ना, फुलवंता. कशी?"

फुलवंतानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी तिच्या हातातली अर्धी मूठ घेऊन नाकाशी धरली होती आणि डोळे मिटले होते. फुलवंता त्यांच्या जवळ जमिनीवर बसली.

"उनाचा वास हाय, बाई. धान चुरताना अंगाले लागते ना, तसा. जरासा गोड. लाह्या फुटताना पहिल्यानं येते तेवढाच गोड. आन् खालून थोडासा मातीचा, पण कोरड्या मातीचा, ओल्या नाही."

बाईंनी छाती भरून श्वास घेतला. मग डोळे न उघडताच मान हलवली.

"नाही येऊन राहिला," त्या म्हणाल्या. "तू सांगत राय."

फुलवंता सांगत राहिली.